भाड्याचे अडीच गुंठे: ब्रिटनमधली माणसं सुट्टीच्या दिवशी भाजी का पिकवतात?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये भाजीच्या वाफ्यांवरून राजकीय वाद पेटला. तेव्हाच्या उपपंतप्रधान आणि गृहनिर्माण खात्याच्या मंत्री अँजेला रेनर यांनी आठ ठिकाणच्या ‘अलॉटमेंट’ जमिनी, म्हणजे लोकांना भाजी पिकवायला भाड्याने दिलेले तुकडे, विकायला परवानगी दिल्याचं उघड झालं. मजूर पक्षाचे माजी नेते जेरेमी कॉर्बिन लंडनमध्ये अशाच एका तुकड्यावर अनेक वर्षं भाजी पिकवत आले आहेत. त्यांनी या निर्णयावर जाहीर टीका केली. परवानगीचे निकष जुनेच आहेत, त्यात काही सैल केलेलं नाही, असं सरकारकडून सांगण्यात आलं.

दूरवरून ही बातमी वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, की आठ ठिकाणची भाजीची जमीन गेली तर एवढा गदारोळ कशासाठी? त्याच्या जोडीला आणखी एक आकडा ठेवू. ग्रीनपीस या संघटनेने २०२३ मध्ये माहितीच्या अधिकाराचे अर्ज करून ब्रिटनमधल्या स्थानिक परिषदांकडून, म्हणजे आपल्या नगरपालिकांसारख्या संस्थांकडून, माहिती गोळा केली. तेव्हा अलॉटमेंट मिळावी म्हणून १ लाख ७४ हजारांहून जास्त लोक प्रतीक्षायादीत होते. काही ठिकाणी नंबर लागायला दहा-दहा वर्षं जातात. भाजी मिळत नाही अशी तिथे परिस्थिती नाही. जवळपास सगळीकडे सुपरमार्केट आहे आणि तिथे बारा महिने सगळं मिळतं. तरीही लोक चिखलात उभं राहून बटाटे खणायला मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं वाट बघतात.

मला या लेखात एक गोष्ट उलगडून दाखवायची आहे. माणूस अलॉटमेंट घेतो एका कारणासाठी आणि टिकवतो वेगळ्याच कारणांसाठी. ही दोन्ही कारणं लक्षात घेतली की ती रांगही समजते आणि तो वादही.

अलॉटमेंट म्हणजे नेमकं काय?

अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला पिकवण्यासाठी वर्षाच्या भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. गावाबाहेर, रेल्वेमार्गाच्या कडेला किंवा वस्तीच्या मधोमध एखादं मोठं मैदान असतं. त्याचे पट्टे पाडलेले असतात आणि एकेक पट्टा एकेका कुटुंबाकडे असतो. जमीन बहुतेक वेळा स्थानिक परिषदेची असते. काही ठिकाणी ती चर्चची, रेल्वेची किंवा खासगी मालकाची. ती कसणाऱ्याच्या मालकीची कधीच होत नाही.

पूर्ण तुकड्याचं पारंपरिक माप आहे १० रॉड. रॉड हे साडेसोळा फुटांचं जुनं इंग्रजी माप, म्हणजे १० चौरस रॉड भरतात सुमारे २५० चौरस मीटर. आपल्या हिशेबात हे फार सोपं आहे. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, म्हणजे बरोबर चार चौरस रॉडचा. त्यामुळे पूर्ण अलॉटमेंट म्हणजे अडीच गुंठे, अगदी इंचाइंचाने. एकराची विभागणी दोन्हीकडे एकाच मोजणीतून आलेली असल्यामुळे हा मेळ बसतो. हल्ली मागणी इतकी आहे की नव्या माणसाला बऱ्याचदा अर्धाच तुकडा, म्हणजे सव्वा गुंठा मिळतो. भाडं परिषदेनुसार बदलतं. कुठे वर्षाला तीस-चाळीस पौंड, तर कुठे शंभराच्या वर.

नियम थोडे आहेत पण पक्के आहेत. १९२२ च्या कायद्यातल्या व्याख्येनुसार जमीन मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजी किंवा फळं पिकवायला वापरायची. धंदा करायचा नाही. अवजारांसाठी लाकडी खोपटं बांधता येतं, पण त्यात राहायला जाता येत नाही. १९५० च्या कायद्याने कोंबड्या आणि ससे पाळायला मुभा दिली, मात्र कोंबडा पाळायला मनाई आहे. पहाटे आसपासच्या घरांतली माणसं झोपलेली असतात, हे त्यामागचं साधं कारण. जमीन पडीक ठेवली, गवत माजू दिलं, तर आधी पत्र येतं आणि मग तुकडा दुसऱ्याला जातो.

गरिबाला जमीन देताना घाबरलेले मालक

इथे जरा इतिहासात जायला हवं, कारण आजच्या भांडणाची मुळं तिथे आहेत.

इंग्लंडमधल्या खेड्यांत पूर्वी गायरानासारख्या सामाईक जमिनी असत. भूमिहीन माणूस तिथे गाय चारी, सरपण आणी. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत एकामागून एक कायदे करून या जमिनींना कुंपणं घातली गेली आणि त्या खासगी मालकांच्या झाल्या. मजुराच्या हातात फक्त मजुरी राहिली. उपासमार वाढली, १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये शेतमजुरांनी दंगे केले, मळणीयंत्रं फोडली. या अस्वस्थतेवर उतारा म्हणून मजुराला भाजीपुरता जमिनीचा तुकडा द्यावा, ही कल्पना जोर धरू लागली. विल्टशरमधल्या ग्रेट सॉमरफर्ड गावात तर त्याच्याही आधी, १८०९ पासून, अशा जमिनी आहेत आणि त्या आजही कसल्या जातात.

पण मालक धास्तावलेले होते. मजूर स्वतःच्या वाफ्यावर दमला तर आपल्या शेतावर काय काम करणार, ही त्यांची उघड तक्रार होती. म्हणून तुकडे मुद्दाम लहान ठेवले गेले: घरची चूल चालावी, पण माणूस मजुरीतून सुटू नये इतकेच. १८४५ च्या कुंपण कायद्यात भूमिहीनांसाठी जागा ठेवण्याची तरतूद आली, तीही जास्तीत जास्त पाव एकराची. काही ठिकाणी रविवारी काम करायचं नाही, चर्चला हजेरी लावायची अशाही अटी होत्या. आज ज्याला लोक छंद म्हणतात त्याचा उगम असा पोटाच्या प्रश्नात आणि वरच्यांच्या भीतीत आहे.

खरा बदल झाला १९०८ च्या कायद्याने. लोकांची मागणी असेल तर पुरेशा अलॉटमेंट देणं हे त्याने स्थानिक परिषदांचं कर्तव्य ठरवलं. दानधर्माच्या जागी हक्क आला. आजही इंग्लंड आणि वेल्समध्ये हाच कायदा पाया आहे. फक्त लंडनच्या आतल्या भागातल्या परिषदांना पुढे यातून वगळलं गेलं. १९२५ च्या कायद्याने आणखी एक कुलूप घातलं: परिषदेने खास अलॉटमेंटसाठी घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. रेनर यांच्यावर टीका झाली ती याच संमतीवरून.

मग दोन महायुद्धं आली. बाहेरून येणारं धान्य घेऊन येणारी जहाजं जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी अलॉटमेंटची संख्या पंधरा लाखांच्या आसपास गेली आणि दुसऱ्या महायुद्धातही ती चौदा लाखांवर पोहोचली. लंडनच्या टॉवर किल्ल्याभोवतीच्या कोरड्या खंदकातसुद्धा भाजी लावली होती. युद्धानंतर दुकानं भरली, घरं बांधायला जमिनी हव्या होत्या, आणि तुकडे झपाट्याने कमी झाले. आज ते तीन लाखांच्या थोडे वर असतील.

मला या इतिहासातला एक बारकावा फार आवडतो. १९२२ च्या कायद्याप्रमाणे भाडेकरूला जमीन सोडायची नोटीस द्यायची असेल तर तिची मुदत ६ एप्रिलच्या आत किंवा २९ सप्टेंबरच्या नंतर संपायला हवी. म्हणजे पीक उभं असताना कुणाला काढता येत नाही. लंडनच्या संसदेत बसून कायदा लिहिणाऱ्यांनी पेरणी आणि काढणीचं वेळापत्रक समोर ठेवलं होतं.

दुकानात भाजी स्वस्त मिळते ना?

हा पहिला आणि रास्त आक्षेप. बरेच लोक अलॉटमेंटच्या रांगेत उभे राहतात ते भाजीचा खर्च वाचवायला, विशेषतः महागाई वाढली की. तेव्हा हिशेब मांडून बघू.

ब्राइटनच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी शहरात घरच्यापुरतं पिकवणाऱ्या लोकांकडून नोंदी ठेवून घेतल्या. मार्च ते ऑक्टोबर या काळात प्रत्येकाने सरासरी ५५० पौंडांच्या आसपास किमतीची भाजी-फळं काढली. परागीभवन करणाऱ्या किड्यांवर अवलंबून असलेल्या पिकांचं उत्पन्न चौरस मीटरला सुमारे एक किलो आलं, म्हणजे शेतकऱ्याच्या बरोबरीचं. हौशी माणसाच्या मानाने हे उत्तम आहे.

पण मजुरी धरा. आठवड्याला चार तास काम असं मी धरून चालतो. नीट ठेवलेल्या तुकड्यासाठी हे काही जास्त नाही. मार्च ते ऑक्टोबर म्हणजे पस्तीस आठवडे, एकशे चाळीस तास. ५५० पौंडांना त्याने भागलं तर तासाला चार पौंडही पडत नाहीत. एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमध्ये प्रौढ कामगाराचं कायदेशीर किमान वेतन होतं तासाला १२.२१ पौंड. शिवाय भाडं, बियाणं, खत, जाळी, अवजारं यांचा खर्च आपण अजून वजाच केलेला नाही.

म्हणजे निव्वळ पैशाच्या हिशेबात अलॉटमेंट बसत नाही. तरी ज्याच्याकडे वेळ आहे आणि हातात रोकड कमी आहे, अशा घराला ५५० पौंडांची भाजी ही खरी मदत असते. तो वेळ दुसरीकडे विकून पैसे मिळणारच होते असं नाही. पेन्शनवरची माणसं, अर्धवेळ नोकरी करणारे, लहान मुलांमुळे घरी असलेले आईवडील, यांच्यासाठी हिशेब वेगळा होतो. आणि पीक कोणतं निवडता यावरही बरंच अवलंबून आहे. बटाटा, कांदा दुकानात फार स्वस्त. त्यात बचत नाममात्र. रास्पबेरी, कोवळी पालेभाजी, ताज्या शेंगा, कोथिंबिरीसारख्या हिरव्या जुड्या महाग असतात, पटकन खराब होतात आणि वाफ्यात मात्र भरभरून येतात. जाणकार माणूस थोड्या जागेत याच गोष्टी लावतो.

उरलेल्यांच्या बाबतीत तासाचा दर काढणंच मुळात चुकीचं आहे. जो माणूस दर आठवड्याला गाणं शिकायला जातो, त्याला आपण असं विचारत नाही की मैफलीचं तिकीट काढणं स्वस्त पडलं नसतं का. तो गाणं विकत घ्यायला गेलेलाच नसतो.

चवीचा मुद्दा खरा की मनाचे खेळ?

‘घरच्या भाजीची चवच वेगळी’ असं सगळेच म्हणतात, त्यामुळे त्याकडे संशयाने बघणं योग्यच. काही भाज्यांच्या बाबतीत मात्र हे तपासून सांगता येतं.

मटार आणि मक्याचं कोवळं कणीस घ्या. झाडावरून तोडल्या क्षणापासून त्यांच्यातली साखर पिठूळ स्टार्चमध्ये बदलू लागते. उष्णतेत हे आणखी वेगाने होतं. तोडल्यावर तासाभरात उकडलेलं कणीस आणि गोदामातून, ट्रकमधून तीन दिवसांनी आलेलं कणीस यांत फरक जाणवतो तो या बदलामुळे. पार्सनिप या पांढऱ्या कंदाचं याच्या उलट आहे. जमिनीत असताना त्याच्यावर कडक थंडीचे दिवस गेले की त्यातल्या स्टार्चची साखर होते. म्हणून जुने लोक पहिलं हिम पडून गेल्याशिवाय पार्सनिप उपटत नाहीत.

टोमॅटोचं कारण वाणाशी आणि वेळेशी निगडित आहे. दुकानासाठी वाण निवडताना टणक साल, एकसारखा आकार, प्रवासातला टिकाऊपणा बघावा लागतो. फळ पूर्ण पिकण्याआधी तोडावं लागतं. घरच्यासाठी लावताना यातलं काहीच आड येत नाही, त्यामुळे पातळ सालीचे, वेडेवाकडे, पण रसाळ वाण लावता येतात. कांदा किंवा साठवणीचा बटाटा यांच्या बाबतीत मात्र डोळे मिटून खाल्लं तर बहुतेकांना फरक ओळखता येणार नाही, असं मला वाटतं.

पहिलं वर्ष, आणि माणसं सोडून का जातात

रांगेतून नंबर लागतो तेव्हा बहुतेकांना मिळतो तो कुणीतरी सोडून दिलेला, तण माजलेला तुकडा. काटेरी ब्लॅकबेरीची जाळी, हरळीसारखं पसरणारं काउच गवत आणि बाइंडवीडची वेल. बाइंडवीडला पांढरी, कर्ण्याच्या आकाराची देखणी फुलं येतात, पण खरा खेळ जमिनीखाली असतो. तिची मुळं पांढरी, मऊसर आणि ठिसूळ असतात. नवखा माणूस उत्साहाने कुदळ मारतो, मुळांचे वीस तुकडे होतात आणि महिन्याभरात त्या प्रत्येक तुकड्यातून नवी वेल वर येते. जाणता माणूस लांब दातांच्या फोर्कने माती आधी सैल करतो, गुडघ्यांवर बसतो आणि एकेक मूळ बोटांनी चाचपत, न तोडता ओढून काढतो. एका चौरस मीटरला अर्धा तास सहज जातो.

हल्ली बरेच जण दुसरा मार्ग धरतात: न खणता शेती. सॉमरसेटमधल्या चार्ल्स डाउडिंग यांनी ही पद्धत ब्रिटनमध्ये लोकप्रिय केली. तणावर पुठ्ठा अंथरायचा, त्यावर कंपोस्टचा जाड थर द्यायचा आणि त्यातच लावणी करायची. खाली अंधारात बरंचसं तण मरतं, मातीची रचना मोडत नाही. बाइंडवीडसारखं चिवट तण मात्र पुनःपुन्हा उपटत राहावं लागतंच.

त्यातून पुढे गेलात की इतर मंडळी हजर असतात. ओल्या रात्री बिनशंखाच्या गोगलगायी कोवळी रोपं फस्त करतात. कोबीवर कबुतरं आणि पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दमट हवा पडली की बटाट्यावर करपा येतो. आज पानांवर तपकिरी डाग दिसले की आठवड्याभरात अख्खा वाफा काळा पडू शकतो. याच करप्याने १८४५ नंतर आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडला होता. कोबीवर्गाच्या मुळांना गाठी आणणारा क्लबरूट रोग एकदा मातीत शिरला की त्याचे बीजाणू वीस वर्षांपर्यंत तग धरतात. म्हणून दरवर्षी पिकाची जागा बदलायची, जमिनीला चुना द्यायचा.

पहिल्या एक-दोन वर्षांत बरीच माणसं गळतात ती इथे. पूर्ण तुकडा एकदम साफ करायला घेतात, एप्रिलमध्ये सगळीकडे पेरतात, जूनमध्ये तण त्यांच्या पुढे निघून जातं, जुलैत सुट्टीवर जातात आणि परत येतात तेव्हा जंगल झालेलं असतं. जो माणूस पहिल्या वर्षी एक चतुर्थांश भाग धरतो आणि बाकीच्यावर काळं कापड टाकून ठेवतो, तो बहुधा टिकतो.

टिकणाऱ्यांना काय मिळतं?

इथे कारणं बदलतात. चार-पाच वर्षं झालेल्या माणसाला विचारलं तर तो वाचलेल्या पैशांबद्दल फारसं बोलत नाही.

बटाट्याचं उदाहरण घेऊ. फेब्रुवारीत, बाहेर अजून अंधारं आणि ओलं असताना, लवकर येणाऱ्या वाणाचे बेणे बटाटे आणायचे. अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये डोळे वर करून थंड पण उजेडाच्या खिडकीत ठेवायचे. पाच-सहा आठवड्यांत जाड, आखूड, जांभळट कोंब येतात. अंधारात ठेवले असते तर लांब, फिकट आणि नाजूक आले असते. मार्चअखेरीला किंवा एप्रिलमध्ये ते लावायचे. वर पाला दिसू लागला की माती चढवायची, कारण मेच्या मध्यापर्यंत रात्री हिम पडू शकतं आणि उघडे पडलेले बटाटे उन्हाने हिरवे, कडवट होतात. जूनअखेर किंवा जुलैत झाडाला फूल आलं की कडेने हात घालून बघायचं. म्हणजे पाच महिने तुम्ही रात्रीचं तापमान, पावसाचा अंदाज, मातीची ऊब याकडे लक्ष ठेवून असता. ऑफिसात बसणाऱ्या माणसाच्या वर्षाला हा आकार सहसा नसतो. नोकरीतला मार्च आणि नोव्हेंबर सारखेच असतात; वाफ्यावर तसं कधी होत नाही. नोव्हेंबरमध्ये लसूण आणि ब्रॉड बीन्स लावताना पुढचा जून डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

दुसरं म्हणजे काम डोळ्यांना दिसतं. आजच्या पुष्कळ नोकऱ्यांत दिवसभर राबूनही संध्याकाळी दाखवायला काही नसतं. खुरपलेली ओळ मात्र समोर असते. निर्णय तुमचा, चूक तुमची, पीकही तुमचं. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, वरिष्ठांच्या हुकुमात दिवस काढणाऱ्या माणसाला सव्वा गुंठ्यावरची ही सत्ता फार मोलाची वाटते. माझ्या मते लोक टिकून राहतात त्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

तब्येतीचं काय? नेदरलँड्समध्ये ॲग्नेस व्हान डेन बर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अलॉटमेंटधारकांची त्यांच्याच शेजारपाजारच्या, अलॉटमेंट नसलेल्या लोकांशी तुलना केली. बासष्टच्या पुढच्या वयात अलॉटमेंटवाल्यांची तब्येत आणि समाधान दोन्ही सरस निघाली. तरुणांमध्ये तसा फरक दिसला नाही. यावर शंका घेता येते, की मुळात धडधाकट माणसंच खणायला जात असतील. पण दुसऱ्या एका प्रयोगात त्यांनी तीस अलॉटमेंटधारकांना आधी डोक्याला ताण देणारं काम दिलं, मग काहींना अर्धा तास बागकाम आणि काहींना अर्धा तास घरात वाचन. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, पण बागकामाच्या गटात जास्त. मनःस्थितीही त्याच गटात पूर्ववत झाली. प्रयोग लहान होता, त्यामुळे यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण इथे सारेच जण बागकाम करणारे होते, त्यामुळे निदान ‘धडधाकट माणसंच जातात’ ही शंका लागू पडत नाही.

घरामागे बाग असताना वेगळी जमीन कशाला?

पहिलं उत्तर, ती सगळ्यांकडे नसते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२० मध्ये सांगितलं होतं की ग्रेट ब्रिटनमध्ये दर आठातल्या एका घराला बाग नाही. लंडनमध्ये तर पाचातल्या एका घराला नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांची बऱ्याचदा सावलीत, फरशी घातलेली किंवा मुलांच्या चेंडूने व्यापलेली असते.

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं: घरामागच्या बागेत शेजारी नसतात. अलॉटमेंटवर नवखा माणूस पहिल्याच रविवारी शिकू लागतो, कारण बाजूच्या पट्ट्यावरची बाई कुंपण नसल्यामुळे सरळ येऊन सांगते की इथली माती जड आहे, गाजर सरळ येणार नाही, त्याऐवजी बीट लाव. जास्तीची रोपं इकडून तिकडे जातात. ऑगस्टमध्ये कुर्जेट नावाच्या भोपळ्याच्या जातीला इतकी फळं येतात की घेणारा शोधावा लागतो. कुणी आजारी पडलं तर त्याच्या वाफ्याला पाणी दिलं जातं. वेगवेगळ्या वयाची, पगाराची, मतांची माणसं दुसरीकडे क्वचितच अशी एकमेकांशी बोलतात.

स्थलांतरितांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. लेस्टर, बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री या भागांत भारतीय उपखंडातून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांनी अलॉटमेंटवर आपापल्या भाज्या आणल्या. मेथी, कोथिंबीर, मुळा, वाल, चवळई आणि कॅलालू ही कॅरिबियन पालेभाजी. इंग्लंडच्या आखूड उन्हाळ्यात यातलं काय येतं आणि कोणत्या बियाण्याचं येतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं बी राखून शोधलं. सेंद्रिय बागकामाचा प्रसार करणाऱ्या गार्डन ऑर्गॅनिक या संस्थेने मिडलंड्समध्ये ‘सोइंग न्यू सीड्स’ प्रकल्पातून हे ज्ञान आणि बियाणं गोळा करायला सुरुवात केली. अशा माणसाला आपल्या हाताची मेथी खुडताना काय वाटत असेल, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

शहरातली माती, शिसं, विष वगैरे?

ही काळजी अस्थानी नाही. जुन्या कारखान्यांजवळ, रेल्वेच्या किंवा मोठ्या रस्त्याच्या कडेला मातीत शिसं सापडू शकतं. मातीची तपासणी करून घ्यावी, शंका असेल तर बाहेरून माती-कंपोस्ट आणून उंच वाफे करावेत, भाजी नीट धुवावी आणि कंदमुळांची साल काढावी.

एरवी अलॉटमेंटची माती चांगलीच असते. २०१४ मध्ये लेस्टरमध्ये झालेल्या अभ्यासात अलॉटमेंटच्या मातीत आसपासच्या शेतजमिनीपेक्षा सेंद्रिय कर्ब ३२ टक्के आणि एकूण नत्र २५ टक्के जास्त होतं, आणि माती कमी दबलेली होती. कारण सरळ आहे. लोक शेणखत, घरचं कंपोस्ट, पालापाचोळा परत मातीत घालतात आणि तिच्यावरून जड ट्रॅक्टर जात नाहीत. ब्रिस्टल, एडिंबरा, लीड्स आणि रेडिंग या शहरांत २०१९ च्या एका अभ्यासात मधमाश्या आणि इतर परागवाहक कीटकांसाठी घरच्या बागा आणि अलॉटमेंट या शहरातल्या सर्वांत चांगल्या जागा ठरल्या.

पण घरांची टंचाई असताना ही जागा घरांना का देऊ नये?

सगळ्यांत गंभीर आक्षेप हा, आणि त्याला झटकून टाकणं योग्य नाही. ब्रिटनमध्ये घरभाडी आणि घरांच्या किमती तरुणांच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. एका अलॉटमेंटच्या मैदानावर बरीच घरं उभी राहू शकतात. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसापुढे मेथीची जुडी हा युक्तिवाद चालणार नाही.

कायदाही ‘कधीच नाही’ म्हणत नाही. विस्थापित होणाऱ्यांसाठी पुरेशी दुसरी सोय केली असेल, किंवा तशी सोय अनावश्यक अथवा अशक्य असेल, तर १९२५ च्या कायद्याखाली मंत्री परवानगी देऊ शकतात. अट एवढीच, की तो निर्णय परिषदेने परस्पर घ्यायचा नाही.

माझी अडचण दुसरीकडे आहे. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या दहा शहरांचे जुने-नवे नकाशे ताडून पाहिले. विसाव्या शतकाच्या मध्यावर सर्वाधिक असलेली अलॉटमेंटची जमीन ६५ टक्क्यांनी घटली होती. आणि सर्वांत गरीब भागांत ती सर्वांत सधन भागांच्या आठ पट जास्त बंद झाली होती. म्हणजे ज्यांच्याकडे बाग नाही, ताजी भाजी महाग पडते आणि मोकळी जागा कमी, त्यांच्याच वाट्याची जमीन आधी गेली. त्याच विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात असंही दिसलं, की शेफील्डमधल्या बागा आणि हिरव्या जागांपैकी फक्त दहा टक्के जागेवर भाजी-फळं पिकवली तर शहरातल्या सुमारे १५ टक्के लोकांना वर्षभर, रोजच्या शिफारशीप्रमाणे पुरेशी भाजी-फळं मिळू शकतात. बांधलेली जागा पुन्हा माती होत नाही. म्हणून आधी पडीक कारखान्यांच्या जागा, रिकाम्या इमारती बघाव्यात आणि पिकत्या मातीला शेवटी हात लावावा, असं मला मनापासून वाटतं. आणि तेव्हाही बदली जमीन चालत जाता येईल इतक्या अंतरावर द्यायला हवी. पाच मैलांवर दिलेला तुकडा म्हाताऱ्या माणसाला न दिल्यासारखाच असतो.

हवी असेल तर कशी मिळवायची?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी थोडं कामाचं. आपण राहतो तिथल्या परिषदेच्या यादीत नाव घालायचं. छोट्या गावात ही यादी पॅरिश किंवा टाउन परिषदेकडे असते. काही मैदानं भाडेकरूंची मंडळंच चालवतात आणि त्यांची यादी वेगळी असते, तेव्हा प्रत्यक्ष तिथे जाऊन फाटकावरचा फलक वाचावा. अर्धा तुकडा चालेल असं कळवलं तर नंबर लवकर लागण्याची शक्यता वाढते. वाट बघताना एखाद्या जुन्या भाडेकरूला मदतनीस म्हणून जाता आलं तर पहिल्या वर्षाच्या निम्म्या चुका टळतात.

आणि परिसरात अलॉटमेंटच नसतील, तर १९०८ च्या कायद्यातलं २३ वं कलम वाचा. परिसरातल्या कोणत्याही सहा नोंदणीकृत मतदारांनी किंवा परिषदेचा कर भरणाऱ्यांनी मिळून लेखी मागणी केली, तर परिषदेला तिचा विचार करावाच लागतो. अंमलबजावणीला वेळ लागतो, आणि लंडनच्या आतल्या भागाला हे लागू नाही. बाकी ठिकाणी शेजारच्या पाच जणांच्या सह्या घेऊन अर्ज द्यायचा आणि पोचपावती जपून ठेवायची.